बाळाचे डोळे हलतात, उजेडात मिटून घेतो: अल्बिनिझम आणि कमी नजर

सुरंगी (देवगड)

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा साडेचार महिन्यांचा आहे. केस अगदी फिकट, पिवळसर. रंग गोरापान आणि डोळे घारे. आमच्याकडे घारे डोळे दोन पिढ्या चालत आलेत, त्यामुळे बारशाला सगळ्यांनी कौतुकच केलं. पण तो अडीच महिन्यांचा असताना आमच्या आजीने विचारलं, "ह्येचे डोळे सारके हलतत कित्याक?" तेव्हापासून बघतोय. दोन्ही डोळे एका लयीत डावी-उजवीकडे हलत राहतात. पडवीत आणलं की डोळे घट्ट मिटतो, माजघरात नेलं की उघडतो. कुणी समोर हसलं तरी त्याच्याकडे बघत नाही, आवाजाकडे मात्र लगेच वळतो.

बालरोगतज्ज्ञांनी अल्बिनिझमचा (जन्मतःच अंगात रंगद्रव्य कमी असण्याचा) संशय बोलून दाखवला आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं. घरात आता प्रत्येकाचं वेगळं. कुणी म्हणतं कोड आहे, कुणी म्हणतं ग्रहणात बाहेर गेली म्हणून झालं. एका नेत्रतपासणीत सांगितलं, "यावर उपाय नाही, पाच वर्षांचा झाला की चष्म्याचं बघू." बहीण फार खचली आहे. खरंच पाच वर्षं थांबायचं का? नजर जाईल का? साध्या शाळेत शिकू शकेल का? ज्यांच्या घरात असं मूल आहे त्यांनी कृपया लिहा.

केवडा (वेंगुर्ला)

सुरंगीताई, थांबू नका. हे सगळ्यात आधी.

माझी मुलगी आता सहावीत आहे, आमच्या गावच्याच शाळेत. तिला अल्बिनिझम आहे, जन्मापासून. नजर जाणार का, या प्रश्नाने मीही रात्री जागवल्या आहेत, म्हणून स्पष्ट सांगते: अल्बिनिझममधली कमी नजर ही दिवसेंदिवस घटत जाणारी नसते. उलट पहिल्या वर्षात बरीच सुधारते. अशा बाळांची नजर उशिरा जागी होते. तीन-चार महिन्यांचं बाळ आपल्याकडे बघत नाही म्हणून आपण धसका घेतो, आणि मग हळूहळू ते चेहऱ्याकडे बघायला लागतं. तुमचा भाचाही बघेल. चेहरा त्याच्या जवळ न्या, एका हाताच्या आत. कपाळाला मोठी टिकली लावून समोर बसा. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं कापड, लालभडक वाटी असं काहीतरी ठळक दाखवा. उजेड त्याच्या पाठीमागून यायला हवा, तोंडावर नको.

आमच्याकडे घरात ज्या खुणा दिसल्या त्या लिहिते, कारण डॉक्टरांच्या खोलीत पाच मिनिटांत हे सगळं दिसत नाही. चालायला लागल्यावर ती सपाट अंगणात धावायची आणि पायरी आली की एकदम थबकायची. आमच्या पाखाडीला जांभ्याच्या पायऱ्या आहेत. चढताना ती सरसर चढायची. उतरताना मात्र वरच्या पायरीवर उभी राहून उजव्या पायाने कड चाचपायची, मग पाऊल टाकायची. लालवर लाल, कुठे पायरी संपते ते तिला दिसतच नव्हतं. दोन्ही डोळे मिळून खोलीचा जो अंदाज येतो तोही या मुलांना कमी असतो. आम्ही प्रत्येक पायरीच्या कडेला चार बोटं रुंद पांढरा ऑइलपेंट मारला. त्याच आठवड्यात ती हात न धरता उतरायला लागली. पावसाळ्यात शेवाळ धरतं, म्हणून गणपतीआधी पट्टा घासून परत रंगवतो.

दुसरी खूण म्हणजे मान. टीव्ही बघताना, चित्र बघताना ती मान एका बाजूला वळवून तिरकं बघते. आजूबाजूचे टोकतात, "सरळ बघ की!" त्यांना थांबवा. मान तशी वळवली की तिचे डोळे कमी हलतात आणि चित्र स्पष्ट दिसतं. ते तिने स्वतः शोधलेलं आहे. आणि पुस्तक नाकाला लावून वाचलं तर डोळे बिघडत नाहीत. जवळ धरलं की अक्षर मोठं दिसतं, एवढंच. माझ्या सासूबाईंना हे पटायला वेळ लागला, आता त्याच पाहुण्यांना समजावतात.

कोड आणि हे वेगळं. कोडात असलेला रंग नंतर डागाडागाने जातो. अल्बिनिझममध्ये जन्मापासूनच रंगद्रव्य कमी तयार होतं. दोन्ही स्पर्शाने पसरत नाहीत. ग्रहणाचा काडीचा संबंध नाही, ते बहिणीच्या डोक्यातून आधी काढा.

चष्मेवाला (कुडाळ)

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. केवडाताईंनी घरातलं फार नेमकं लिहिलंय, मी डोळ्याच्या आतलं लिहितो.

मेलॅनिन, म्हणजे अंगातलं रंगद्रव्य, हे केवळ कातडीचा रंग नाही. डोळ्याची घडण होताना ते लागतं. दृष्टिपटलाच्या मध्यावर फोव्हिया नावाचा बारीक खळगा असतो. वाचणं, चेहरा ओळखणं, सुईत दोरा ओवणं हे सगळं त्याच्या जोरावर. अल्बिनिझममध्ये तो पुरता तयार होत नाही. शिवाय डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसांपैकी नेहमीपेक्षा जास्त तंतू विरुद्ध बाजूला जातात, म्हणून तिरळेपणा आणि खोलीचा अंदाज कमी. बुबुळाच्या रंगीत पडद्यात रंगद्रव्य नसल्याने बाहुलीबरोबरच त्या पडद्यातूनही उजेड आत घुसतो, म्हणून उन्हाचा त्रास. डोळ्यांचं हलणं, म्हणजे निस्टॅग्मस, साधारण दीड ते तीन महिन्यांच्या सुमारास दिसू लागतं आणि वय वाढेल तसं बहुधा मंदावतं. ताप, थकवा, परीक्षेची धास्ती असली की वाढतं.

म्हणून चष्मा लावून नजर 6/6, म्हणजे पूर्ण, होत नाही. बहुतेकांची 6/18 ते 6/120 च्या दरम्यान राहते. 6/60 म्हणजे आपल्याला जे 60 मीटरवरून ओळखू येतं ते या मुलाला 6 मीटरवर यावं लागतं. रंग मात्र नीट ओळखतात, आणि रातांधळेपणाही नसतो.

आता पाच वर्षं थांबण्याबद्दल. मला हे वाचून वाईट वाटलं, कारण हे अजूनही सर्रास सांगितलं जातं. या मुलांना चष्म्याचा नंबर बहुधा असतोच, आणि तो मोठा असतो. प्लस असेल, मायनस असेल, आडव्या-उभ्या रेषांचा सिलिंडर तर जवळपास नेहमीच. पहिल्या वर्षातच थेंब घालून, बाहुली मोठी करून नंबर काढता येतो. बाळाला उत्तर द्यावं लागत नाही. नंबर मोठा असेल तर सहा-आठ महिन्यांच्या बाळालाही चष्मा देतात. मेंदूची बघायला शिकण्याची वर्षं हीच. जन्मतः असलेल्या कमतरतेवर, या वर्षांत चष्मा न दिल्याने येणारं डोळ्याचं आळसावलेपणही चढलं, तर पुढे ते काढणं कठीण.

तपासणीला जाल तेव्हा एक आवर्जून सांगा, मूल थोडं मोठं झाल्यावर: नजर दोन्ही डोळे उघडे ठेवूनही मोजा. एक डोळा हाताने झाकला की उघड्या डोळ्याचं हलणं वाढतं आणि नजर आहे त्याहून कमी भरते. एकेक डोळा मोजायचा असेल तर दुसऱ्यासमोर धूसर करणारी काच ठेवतात. मान त्याला हवी तशी वळवू द्या. आणि जवळची नजर वेगळी लिहून घ्या. जवळ बघताना डोळे आत वळतात, हलणं कमी होतं, त्यामुळे फळा न दिसणारं मूल पुस्तक वाचू शकतं. कागदावर नुसतं 6/60 बघून शिक्षक घाबरतात.

आजगावकर (सावंतवाडी)

माझ्या पुतण्याचे केस काळे आहेत, रंग घरातल्या बाकीच्यांपेक्षा किंचित उजळ. पण डोळे हलतात आणि फळा दिसत नाही. हे अल्बिनिझम असू शकतं का?

चष्मेवाला (कुडाळ)

असू शकतं. फक्त डोळ्यांवर परिणाम करणारा एक प्रकार आहे, ऑक्युलर अल्बिनिझम. तो एक्स गुणसूत्रावरून येतो, म्हणून बहुतांशी मुलग्यांत दिसतो, आईकडून. आपल्या कोकणात घारे डोळे आणि गोरी कातडी बऱ्याच घरांत असते, त्यामुळे सगळ्या अंगाचा अल्बिनिझमही सौम्य असेल तर "बाबांवर गेलाय" म्हणून सुटून जातो. रंगावर जाऊ नका. डोळे हलत असतील तर स्लिट लॅम्पवर (डोळे तपासायच्या दिव्याच्या यंत्रावर) बुबुळाच्या पडद्यातून उजेड आरपार येतो का ते बघतात, आणि ओसीटी स्कॅनमध्ये (दृष्टिपटलाच्या थरांच्या चित्रात) फोव्हियाचा खळगा दिसतो की नाही ते कळतं. डोळे हलण्याची दुसरीही कारणं असतात, काही तातडीची. तेव्हा नेत्रतज्ज्ञाकडे या महिन्यातच न्या.

झेडपी_गुरुजी (गुहागर)

माझ्या वर्गात असा एक विद्यार्थी चौथीपर्यंत होता. शाळेच्या बाजूने लिहितो.

पहिल्या बाकावर बसवलं की काम झालं असं आम्हा शिक्षकांना वाटतं. तसं होत नाही. आमच्या वर्गाला समुद्राच्या बाजूने मोठी खिडकी आहे. दुपारी तिच्यातून पाण्याची चमक थेट पहिल्या बाकावर येते. मुलगा दिवसभर कपाळावर हात धरून बसायचा. त्याला खिडकीकडे पाठ करून बसवलं, खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागाला जाड खादीचा पडदा लावला, आणि हात खाली आला. पावसाळ्यात उलट अडचण: आभाळ भरलं, वीज गेली की वर्ग अंधारा. तेव्हा त्याला प्रखर नव्हे पण पुरेसा उजेड लागतो. पाठीमागून खांद्यावरून वहीवर पडेल असा चार्जिंगचा दिवा पालकांनी दिला होता.

चकाकणारा पांढरा फळा या मुलांना सोसत नाही. काळा फळा, नुकताच रंगवलेला पण न चमकणारा, आणि जाड खडू. मुख्य म्हणजे लिहिताना तोंडाने बोलत लिहायचं. "पाच अधिक सात" असं म्हणत लिहिलं तर त्याला फळा दिसो न दिसो, वहीत उतरतं. त्याचा फायदा बाकीच्या मुलांनाही झाला, विशेषतः जी मागे बसून गप्प राहायची.

बाकाची बाजू कशी ठरवायची हे मला समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षिकेने शिकवलं. मूल मान उजवीकडे वळवून डोळे डावीकडे करून बघत असेल, तर त्याला वर्गाच्या उजव्या बाजूला बसवा, म्हणजे फळा आपोआप डावीकडे येतो आणि मान सरळ राहते. मान डावीकडे वळवत असेल तर डाव्या बाजूला. मान दुखण्याची तक्रार थांबली.

मोठ्या टाइपातली पाठ्यपुस्तकं समग्र शिक्षातून मिळतात. गट साधन केंद्राकडे मुख्याध्यापकांमार्फत लवकर मागणी नोंदवा, पुस्तकं यायला वेळ लागतो. तोवर ई-बालभारतीवरून पुस्तकाची पीडीएफ फुकट उतरवा आणि टॅबवर हवी तेवढी मोठी करा. वहीला जाड, गडद रेघा आणि काळं जेल पेन. पेन्सिलीचं करडं अक्षर त्याचं त्यालाच दिसत नाही, मग आम्ही म्हणतो अक्षर खराब.

शिडाची_होडी (रत्नागिरी)

मला स्वतःला अल्बिनिझम आहे. वय चाळिशीकडे झुकलंय, लेखा विभागात नोकरी करतो. सुरंगीताई, तुमच्या बहिणीला हे वाचून दाखवा.

मी मराठी माध्यमाच्या साध्या शाळेत शिकलो. नजर 6/60. लहानपणी कुणी भिंग दिलं नाही, आठवीत पहिल्यांदा घुमटासारखं भिंग हातात आलं. ते पानावर ठेवून सरकवायचं, उचलावं लागत नाही, हात थरथरला तरी अक्षर हलत नाही. मग मोनोक्युलर, म्हणजे एका डोळ्याला लावायची छोटी दुर्बीण. चारपट मोठं दाखवणारी असेल तर 6/60 वाल्याला साधारण 6/15 चं वाचता येतं. एसटीची पाटी मी पहिल्यांदा स्वतः वाचली ती तिच्यातून. आवाका अरुंद असतो, त्यामुळे चालताना लावायची नाही. उभं राहायचं, शोधायचं, वाचायचं, खिशात टाकायची. सात-आठ वर्षांच्या मुलाला शिकवता येते. आता मोबाइलचा कॅमेरा झूम करून निम्मं काम होतं, तरी दुर्बिणीची सवय असू द्या, तिला चार्जिंग लागत नाही.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगायची आहे. ऊन लागेल म्हणून या मुलांना घरात कोंडू नका. मला कोंडलं होतं, प्रेमानेच. पोहायला शिकलो नाही, समुद्र खिडकीतून पाहिला. खेळायला न मिळालेल्या मुलाला अंतराचा अंदाज, पळणं, पडून उठणं शिकायलाच मिळत नाही. टेनिस बॉल त्याला दिसायला उशीर होतो हे खरं, मग मोठा, भडक रंगाचा चेंडू द्या. कॅरम, पोहणं, धावणं, तबला, काहीही.

केवडा (वेंगुर्ला)

दादा, पटतं. पण कातडीचं भय खोटं नाही. आमच्याकडे एका वयस्क गृहस्थांना असाच रंग होता, आयुष्यभर उघड्या अंगाने शेती केली, शेवटी चेहऱ्यावर कॅन्सर झाला. मी मुलीला दहा ते चार किनाऱ्यावर सोडतच नाही. शिमग्यात पालखी भर दुपारी नाचते, तेव्हा ती आमच्या खळ्यातल्या मांडवातून बघते.

शिडाची_होडी (रत्नागिरी)

दहा ते चारचा नियम बरोबरच आहे ताई, मीही तो पाळतो. माझं म्हणणं सकाळ-संध्याकाळचं. आणि दुपारी जावंच लागलं तर पूर्ण तयारीनिशी.

आपल्या हवेत सनस्क्रीन घामाने वाहून जातं, म्हणून मी आधी कपड्यावर भर देतो. लांब बाह्या, दाट विणीचं, गडद कापड. पांढरा झिरझिरीत सदरा उन्हाला अडवत नाही. क्रिकेटची पुढे चोच असलेली टोपी कान आणि मान उघडी टाकते, सगळीकडून काठ असलेली घ्या. उरलेल्या जागी एसपीएफ 30 किंवा जास्तचं सनस्क्रीन, बाहेर पडण्याआधी आणि मग दर दोन तासांनी, पोहून आल्यावर परत. कान आणि पायाची वरची बाजू विसरायची नाही. वाळू आणि पाणी खालूनही ऊन फेकतात, त्यामुळे छत्रीखाली बसूनही भाजतं. ढगाळ दिवशीही लावायचं. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर सावली आणि कपडा यावरच भागवा, क्रीमचं डॉक्टरांना विचारा. न भरणारी जखम किंवा खरखरीत चट्टा दिसला तर लगेच त्वचारोगतज्ज्ञ.

गॉगल जत्रेतला घेऊ नका. काळी काच बाहुली मोठी करते आणि अतिनील किरण अडवत नसेल तर ते जास्तच आत जातात. फिल्टरची काच डोळे तपासून, नंबरसकट करून घ्या. आत-बाहेर करताना मला तपकिरी छटा बरी पडते, कुणाला करडी. मुलाला घालून उन्हात उभं करून विचारायचं.

आजगावकर (सावंतवाडी)

प्रमाणपत्राचं कुणी सांगेल का? आमच्याकडे दोनदा परत पाठवलं, म्हणे चालतो-फिरतो तर दिव्यांग कसा.

झेडपी_गुरुजी (गुहागर)

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अल्पदृष्टी वेगळी नोंदलेली आहे: चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर 6/18 पेक्षा जास्त नाही, तिथपासून 3/60 पर्यंत. चालता येतं की नाही याचा त्यात संबंध नाही. स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीसाठी (दिव्यांग ओळखपत्रासाठी) अर्ज करा, मग जिल्हा रुग्णालयाच्या बोर्डाकडे तपासणी होते. चष्म्याचा ताजा नंबर आणि नेत्रतज्ज्ञाचं निदान लेखी घेऊन जा. 40 टक्के किंवा वर भरलं तर सवलती मिळतात. परीक्षेत तासाला किमान 20 मिनिटं जादा वेळ हा केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांतला नियम आहे. लेखनिक, मोठ्या टाइपातली प्रश्नपत्रिका हेही मागता येतं. दहावीचं वर्ष उजाडण्याची वाट बघू नका. मुलाला जादा वेळ वापरायची सवय पाचवी-सहावीच्या परीक्षांपासून लागायला हवी.

लहान बाळांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. अंगणवाडीताईंना सांगून नाव घालून ठेवा, तिथून जिल्ह्याच्या डीईआयसी केंद्राकडे (लहान मुलांच्या लवकर तपासणी आणि उपचाराच्या केंद्राकडे) चिठ्ठी मिळते. पुढचे उपचार त्या मार्गाने मोफत होतात.

सुरंगी (देवगड)

सगळ्यांचे मनापासून आभार. बहिणीला काल रात्री सगळं वाचून दाखवलं. दादांची पोस्ट तिने दोनदा वाचायला लावली. पुढच्या आठवड्यात बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या नेत्रविभागात जातोय, थेंब घालून नंबर काढायला.

एक अवघड प्रश्न उरलाय. तिच्या सासरी "दोष तुमच्या घराण्याचा" असं चाललंय. आणि दुसऱ्या मुलाला होईल का?

चष्मेवाला (कुडाळ)

ताई, केस-कातडी-डोळे तिन्हींवर परिणाम असलेल्या प्रकारात बाळाला आई आणि बाबा दोघांकडून एकेक बदललेलं जनुक आलेलं असतं. दोघांनाही स्वतःला काही त्रास नसतो, म्हणून कुणाला कळत नाही. एका घराण्याचा दोष हे शास्त्राने शक्यच नाही. प्रत्येक गरोदरपणात होण्याची शक्यता चारात एक, म्हणजे 25 टक्के. पहिल्याला झालं म्हणून दुसऱ्याला चुकतं असंही नाही आणि नक्की होतं असंही नाही. मामाच्या मुलीशी किंवा जवळच्या नात्यात लग्न असेल तर दोघांकडे तेच जनुक असण्याची शक्यता वाढते. पुढच्या मुलाचा विचार करण्याआधी जनुकीय समुपदेशकाला भेटा. रक्ताच्या चाचणीतून नेमका प्रकार कळू शकतो.

आणि बांबोळीला डॉक्टरांना आठवणीने सांगा, बाळाला साध्या दाबाने निळे डाग उठतात का, लस टोचलेल्या जागी रक्त लवकर थांबतं का, वारंवार मोठे संसर्ग होतात का. अल्बिनिझमचे काही विरळ प्रकार रक्त गोठण्याशी आणि प्रतिकारशक्तीशी जोडलेले असतात. तसं काही असेल तर पुढे दात काढताना किंवा तिरळेपणाचं ऑपरेशन करताना आधी माहीत असावं लागतं.

केवडा (वेंगुर्ला)

सुरंगीताई, थेंब घातल्यावर बाळाला दिवसभर उजेड जास्तच सोसणार नाही. येताना गाडीच्या खिडकीला जाड ओढणी बांधा, टोपी न्या, आणि परतीचं उन्हं कलल्यावरच निघा. चष्मा मिळाला तर मागून इलॅस्टिकचा पट्टा लावून घ्या, दांड्या नुसत्या ठरत नाहीत. पहिले काही दिवस तो ओढून काढेल, तुम्ही परत घालत राहा. दूध पिताना, खेळताना, मन रमलेलं असताना घालायचा. बहिणीला माझा निरोप सांगा, मला व्यक्तिगत संदेश करायला सांगा. वेंगुर्ल्याला येणार असाल तर माझ्या मुलीला भेटवते तिला.